वासापुरती

ज्यांचीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत, अशा आमच्या वयाच्या गृहस्थांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असेल. मुलांच्या घरीं आपण वडील असतों आणि पाहुणेही असतों. वडील या नात्यानें कांहीं बोलावेंसें वाटतें, तर पाहुणा या नात्यानें गप्प बसणें बरें वाटतें. आणि या दोहोंचा मेळ घालतां घालतां सहा महिन्यांचा मुक्काम केव्हां सरतो तें कळत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या हातून एक चूक घडली. चूक तशी लहान होती, एका चमच्यांत मावण्याजोगी होती. परंतु ती आम्ही जन्मभर विसरणार नाहीं, म्हणून ती वाचकांपुढें ठेवितों.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत जॉर्जिया राज्यांत, अटलांटा शहराच्या एका उपनगरांत राहतात. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां तिकडे गेलों, तेव्हां आमची वडील बहीण आक्का हिलाही बरोबर नेलें. आक्काचें वय ७८. चाळीस वर्षें तिनें शाळेंत गणित शिकविलें. सोंवळ्याओंवळ्याचें स्तोम तिनें कधीं माजविलें नाहीं. परंतु स्वतःच्या खाण्यापिण्याचे नेम मात्र तिनें कोणाच्या सोयीसाठीं मोडले नाहींत, आणि दुसऱ्यावर लादलेही नाहींत. तिच्या पानांत अंडें नाहीं आणि मद्याचा थेंब नाहीं, एवढी गोष्ट सर्व घराला ठाऊक होती.

नोव्हेंबर महिन्यांत त्या देशांत 'थँक्सगिव्हिंग' नांवाचा सण येतो. हा आभारप्रदर्शनाचा दिवस देशभर पाळावा, असा जाहीरनामा अध्यक्ष लिंकन यांनीं १८६३ सालीं काढला; आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा दिवस १९४१ च्या कायद्यानें कायमचा ठरला. दिवाळींत आपल्याकडे जसा घरोघर फराळ, तसे तेथें त्या दिवशीं घरोघर 'पाय' होतात. भोपळ्याचा पाय, सफरचंदाचा पाय, आणि दक्षिणेकडील राज्यांत मानाचा म्हणजे पिकानचा पाय. हा शब्द ऐकून आक्का म्हणाली, "अरे, सणाच्या दिवशीं पायाचं काय खायचं असतं?" सूनबाईनें तिला समजावून सांगितलें, कीं हा मैद्याच्या खुसखुशीत पारीचा उथळ वाडगा, त्यांत गोड सारण भरून तो ओव्हनमध्यें भाजतात. आक्का म्हणाली, "मग उघडी करंजी म्हण कीं!" आणि त्या दिवसापासून घरांत त्याला उघडी करंजी हेंच नांव पडलें.

पिकान हें अक्रोडाच्याच कुळांतील फळ. हें झाड मूळचें मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतील आणि टेक्ससमधील. बी लावून वाढविलेल्या झाडाला मूळ झाडासारखेंच फळ येईल असा भरंवसा नसतो, म्हणून आपल्या हापूसप्रमाणें याचेंही कलम करावें लागतें. हें कलम प्रथम यशस्वी रीतीनें केलें तें १८४६ च्या सुमारास, लुइझियानांतील ओक ॲली नांवाच्या मळ्यावरील एका गुलाम माळ्यानें. अँटवान एवढेंच त्याचें नांव इतिहासाला ठाऊक आहे. त्याच्या कलमांपासून निघालेल्या जातीला पुढें १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत बक्षीस मिळालें. आज जॉर्जियांत पिकानच्या मोठमोठ्या बागा आहेत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत कवचासह पिकान पोत्यांनीं विकावयास येतात.

ते फोडण्याचें काम आक्कानें आपण होऊन पत्करलें. दोन पिकान मुठींत धरून एकमेकांवर दाबले कीं एकाचें कवच फुटतें, ही युक्ति तिला शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं शिकविली. आंतील दोन फाकांमधला तपकिरी पडदा फार कडू असतो. तो टोकदार काडीनें काढावा लागतो. अख्खे दाणे एका ताटांत आणि तुकडे दुसऱ्या ताटांत, अशी आक्काची वांटणी दोन दुपार चालली होती. भाषा न कळतां त्या दोघी म्हाताऱ्यांचें चांगलें जमलें होतें.

पायाची कृति सूनबाई या शेजारीणबाईंकडूनच शिकली होती. मैद्यांत थंडगार लोणी घालून तें वाटाण्याएवढे कण राहतील इतपतच चोळावयाचें, आणि बर्फाचें पाणी चमच्या-चमच्यानें घालून गोळा जेमतेम बांधावयाचा. आपण शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालतों; येथें सारा कारभार उलटा. लोण्याचे हे कण न वितळतां ओव्हनमध्यें गेले तरच पारीला पापुद्रे सुटतात. गोळा अर्धा तास थंड जागीं ठेवून मग लाटावयाचा. सारणासाठीं तीन अंडीं, एक वाटी मक्याचा पाक, सुमारें तेवढीच तांबूस साखर, वितळलेलें लोणी, चिमूटभर मीठ आणि दीड वाटी पिकान. मक्याचा हा बाटलींतला पाक १९०२ सालीं 'कारो' या नांवानें बाजारांत आला, आणि १९३० नंतर त्याच्या कंपनीनें या पायाच्या कृतीचा इतका प्रसार केला, कीं आज ती पणजीच्या काळापासून चालत आलेली वाटते. त्यापूर्वीं दक्षिणेंतील घरांत उसाची काकवी किंवा गुळासारखाच दुसरा एखादा पाक वापरीत. ३५० अंश फॅरनहाइटवर पाऊण ते एक तास भाजून, कडा घट्ट झाल्या आणि मधला भाग किंचित् थरथरत राहिला, कीं बाहेर काढावयाचा. आणि पुढें तीन-चार तास त्याला सुरी लावावयाची नाहीं. उतावीळपणानें कापल्यास सारण वाहून जातें.

या सारणांत पुष्कळ घरांतून दोन-तीन चमचे बर्बन घालतात. बर्बन ही अमेरिकेची स्वतःची व्हिस्की. तिच्या धान्यांत निदान ५१ टक्के मका असलाच पाहिजे, आणि आंतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या नव्या पिंपांतच ती मुरली पाहिजे, असा तेथील कायदा आहे. त्या जळक्या लाकडामुळेंच तिला व्हॅनिलाचा आणि करपलेल्या साखरेचा वास येतो, आणि म्हणूनच ती पिकानच्या तुपट गोडीशीं जुळते; गोडाचा मिट्टपणा ती मोडते. हें आम्हांला सूनबाईनें सांगितलें, आणि रसायनाच्या दृष्टीनें तें खरेंच आहे.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. आक्कासाठीं सूनबाईनें लहानसा वेगळा पाय केला. त्यांत अंडें नव्हतें. दुधांत मक्याचें पीठ शिजवून त्यानें सारण बांधलें होतें. चमचे वेगळे, वाडगा वेगळा, सारी काळजी तिनें घेतली. शेवटीं बर्बनची बाटली हातांत घेऊन ती आम्हांला म्हणाली, "बाबा, आत्यांच्यात घालूं का? भाजताना उडून तर जातेच." आम्ही वर्तमानपत्रांतून डोकेंही वर न काढतां म्हणालों, "घाल, वासापुरती."

संध्याकाळीं सारे टेबलाभोवतीं बसलों. आक्कानें आपल्या वाडग्याकडे पाहून विचारलें, "यात अंडं नाहीं ना ग?"

"नाहीं आत्या. तुमचा अगदीं निराळा केला आहे."

आक्कानें एक घास घेतला, दुसरा घेतला. "फार छान झाला आहे हो. चिक्कीची आणि गुळाच्या पोळीची दोन्हींची चव आहे. पण हा वास कसला?"

सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें. खरें सांगावयास तो क्षण पुरेसा होता. परंतु सण होता, मुलें आनंदांत होतीं, सूनबाई दोन दिवस राबली होती, आणि आम्ही पाहुणे होतों! आम्ही म्हणालों, "व्हॅनिलाचा अर्क घातला आहे."

व्हॅनिलाचा अर्क घातला होताच. म्हणजे वाक्य खरें होतें. जेवण झाल्यावर आक्कानें आपली पाककृतींची वही आणविली. तिची ही वही पन्नास वर्षांची आहे. पुण्याच्या आमच्या घरांतील तीन पिढ्यांच्या सुना-मुली तिच्यावरून पदार्थ करितात. चष्मा लावून, सुवाच्य अक्षरांत तिनें साहित्य उतरून घेतलें: मैदा, लोणी, साखर, मक्याचा पाक, पिकान, मक्याचें पीठ, दूध, आणि शेवटीं 'व्हॅनिला १ चमचा'. तो शब्द लिहितांना आम्ही पाहत होतों, आणि गप्प होतों.

रात्रीं आमची नात जवळ येऊन बसली. ती चौदा वर्षांची आहे. "आजोबा," ती म्हणाली, "ती सगळी उडून जात नाहीं." तिनें अमेरिकेच्या कृषिखात्याचा तक्ता काढून दाखविला. पदार्थांत मिसळून अर्धा तास शिजविल्यास मद्यार्काचा सुमारें ३५ टक्के भाग उरतो, एक तास शिजविल्यास सुमारें २५ टक्के, आणि अडीच तासांनींही सुमारें ५ टक्के. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर पदार्थ व शिजविण्याची रीत यांप्रमाणें ४ पासून ८५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क शिल्लक राहिलेला आढळला. आक्काचा पाय लहान, म्हणून तो अर्धा तासच भाजला होता. एक चमचा बर्बन म्हणजे १५ मिलिलिटर. ४० टक्के धरली तर तींत ६ मिलिलिटर मद्यार्क. त्यांतील दोन उरले. आणि आक्कानें वाडग्याचा चौथा हिस्सा खाल्ला. म्हणजे अर्धा मिलिलिटर. आणखी एक गोष्ट नातीनें सांगितली. ज्या व्हॅनिलाच्या अर्काआड आम्ही लपलों होतों, त्यांतही तेथील कायद्यानें निदान ३५ टक्के मद्यार्क असावाच लागतो!

रात्रभर आम्ही वकिली केली. अर्धा मिलिलिटर म्हणजे काय? आक्का रोज दशमूलारिष्ट घेते. आसव-अरिष्टांत आंबण्यानें मद्यार्क आपोआप उत्पन्न होतोच, आणि तो याहून अधिकच भरेल. शिवाय न सांगितल्यानें तिचें काय बिघडलें? असे युक्तिवाद पुष्कळ सुचले, परंतु झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आक्का एकटी पाहून आम्ही सारें सांगितलें. आणि न राहवून दशमूलारिष्टाचा युक्तिवादही पुढें केला. आक्कानें हिशेब शांतपणें ऐकला, मनांत पडताळून पाहिला आणि बरोबर असल्याचें सांगितलें. मग ती म्हणाली, "अरे, अरिष्टाच्या बाटलीवर छापलेलं असतं. मी तें वाचतें आणि मग घेतें. काल तूं सांगितलं असतंस, तर मी 'नको' म्हटलं असतं आणि भात-ताक खाल्लं असतं. मला 'नको' म्हणतां येतं रे. तूं तें म्हणायची सोयच ठेवली नाहींस."

एवढेंच. ती रागावली नाहीं, सूनबाईला एक शब्दही बोलली नाहीं. त्या रात्रीं मात्र ती जेवली नाहीं. "भूक नाहीं" म्हणाली. सूनबाईनें दारांत उभी राहून आमच्याकडे पाहिलें, आणि वडील असून आम्हांला मान खालीं घालावी लागली. सकाळीं उठून पाहतों तों वही टेबलावर उघडी होती. 'व्हॅनिला १ चमचा' याच्यापुढें आक्कानें लिहिलें होतें, 'बर्बन १ चमचा. ज्यांस चालत नाहीं त्यांनीं घालूं नये. खाणारास आधीं सांगावें.'

नाताळांत सूनबाईनें पुन्हां पाय केले, आणि या वेळीं आक्का ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली. आक्काच्या पायांत बर्बनच्या जागीं काय घालावें, याचा दोघींनीं मिळून विचार केला. पिकान आधीं आठ-दहा मिनिटें ओव्हनमध्यें खमंग भाजून घेतले. मक्याचा पाक निम्मा करून तेथें काकवी घातली. मीठ किंचित् वाढविलें. जायफळ किसून घातलें. आणि अर्काऐवजीं व्हॅनिलाची शेंग चिरून तिचे दाणे दुधांत उकळले. काकवीच्या कडवटपणानें गोडाचा मिट्टपणा मोडला. बर्बनचा पायही झाला, कारण चिरंजीवांना तो आवडतो. तो होऊं नये असें आक्का कधींच म्हणाली नव्हती. प्रत्येक पायापुढें तिनें आपल्या हातानें चिठ्ठी लिहून ठेविली: 'अंडें व मद्य आहे', 'अंडें आहे, मद्य नाहीं', 'दोन्ही नाहीं'.

शेजारच्या बाई आल्या तेव्हां नातीनें त्यांना चिठ्ठ्यांचा अर्थ सांगितला. त्या हंसून म्हणाल्या, कीं आमची आजी कट्टर बॅप्टिस्ट. तिच्या घरांत दारूचा थेंब चालत नसे, आणि तिच्या पायांत काकवीच असे. असें म्हणून त्यांनीं 'दोन्ही नाहीं'मधला तुकडा मागून घेतला.

मग आक्कानें आमच्या पुढें बशी केली आणि विचारलें, "तुला कुठला देऊं?" आम्ही तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, आणि मग सांगितलें.