नाकापेक्षा चष्मा जड

'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याच्या घरी नथ असावी. पण चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार त्याला खचित नसावा. तो असता तर मोत्याच्या वजनाविषयी त्याने चकार शब्द काढला नसता. मोती हलतो, हीच त्याची तक्रार झाली असती. वजन सोसता येते. हलका, निसटता, अवचित स्पर्श सोसत नाही. हे ज्ञान आम्ही ग्रंथांतून मिळविलेले नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्या उजव्या गालाने ते आम्हांस शिकविले, आणि शिकविण्याचे मुख्य साधन होते आमचा चष्मा.

आम्ही केंद्र सरकारचे एक कारकून. वय पस्तीस, पदवी कलाशाखेची, चष्मा इयत्ता सातवीपासूनचा. बदलीच्या हुकमाबरोबर सोलापूर सोडून बंगळूरला आलो आणि एचएसआर लेआउटमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन बिऱ्हाड थाटले. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांनी या वसाहतीला आपली आद्याक्षरे बहाल केली आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे हे शहर. मार्गशीर्षातल्या सकाळी अगरा तलावाकडून जो गार वारा येतो, त्याची येथील मंडळी फार वाखाणणी करतात. पहिल्या वर्षी आम्हीही केली. दुसऱ्या वर्षी त्याच वाऱ्याची एक झुळूक उजव्या गालावरून गेली, आणि डोळ्याखालून वरच्या ओठापर्यंत कोणी विजेची तार ओढावी तसे झाले. दहा-बारा सेकंदांचा खेळ. नंतर काही नाही. गाल जसाच्या तसा, आरशात चेहराही पूर्वीचाच. फक्त त्या चेहऱ्याच्या मालकाचा आता त्याच्यावर विश्वास उरला नव्हता.

या दुखण्याचा पहिला बळी बहुधा दाढ असते. आमचीही एक गेली. एका दंतवैद्याने ती मोठ्या आत्मविश्वासाने काढली. दाढ गेली, वेदना राहिली. पुढे होसूर रस्त्यावरील 'निम्हान्स'मध्ये गेलो. मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांसाठी १९७४ साली स्थापन झालेली ही संस्था आमच्या घरापासून फार दूर नाही, हे या बदलीचे एक अनपेक्षित पुण्यफळ म्हटले पाहिजे. तेथील तरुण डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "दाढी करताना येते? दात घासताना? चष्मा लावताना?" तिन्हींना होकार देताच त्यांनी नाव सांगितले : ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. हा आजार बहुतेकांना पन्नाशीनंतर गाठतो. आम्हांला तो लवकर भेटला, म्हणून अन्य कारण नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय झाला. एक रक्तवाहिनी मेंदूच्या मुळाशी त्या मज्जातंतूला टेकून बसली आहे, असे त्यात दिसले. प्रत्येक ठोक्याला ती त्याला थोपटते. वर्षानुवर्षे थोपटल्याने तंतूवरचे आवरण झिजते, आणि मग साध्या स्पर्शाचा निरोपही मेंदूपर्यंत किंकाळी होऊन पोहोचतो.

फ्रान्समधील शल्यवैद्य निकोला आंद्रे यांनी १७५६ साली या रोगाला 'तिक दूलुरो' असे गोड नाव दिले, आणि १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. आपले दुखणे अडीचशे वर्षांचे खानदानी आहे, हे कळल्यावर माणसाला उगीचच थोडे बरे वाटते.

हा मज्जातंतू नावाप्रमाणेच त्रिशाखी आहे. पहिली शाखा कपाळ, डोळा आणि नाकाचा दांडा यांची खबर नेते. दुसरी गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ यांची. तिसरी खालच्या जबड्याची आणि कानापुढच्या कानशिलाची. आता चष्मा कोठे कोठे टेकतो ते पाहावे. नाकाचा दांडा, नाकाच्या दोन्ही बाजू, दोन्ही कानशिले! जणू या तंतूचा नकाशा पुढ्यात ठेवूनच कोणी चष्म्याची आखणी केली असावी. एकच जागा त्याच्या हद्दीबाहेर आहे : कानामागची. तेथील संवेदना मानेतून निघणारे तंतू वाहतात. ही बारीकशी भौगोलिक माहिती पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

चष्म्यावाचून आम्हांस चार हातांवरचे माणूस ओळखता येत नाही. मग संगणकावरच्या फायलींची गोष्ट कशाला? कारकुनाचे डोळे हीच त्याची शेतजमीन. तीवर पाणी सोडून भागणार नव्हते. म्हणून सत्ताविसाव्या मेन रस्त्यावरील एका चष्मेवाल्याकडे गेलो. "सार्, सर्वांत हलका देतो," असे म्हणून त्याने टायटॅनियमची बिनकडांची चौकट पुढे केली. जुन्या काचेच्या एका घन सेंटिमीटरला सुमारे अडीच ग्रॅम वजन असते, सीआर-३९ या प्लॅस्टिकला १.३२, पॉलिकार्बोनेटला १.२०, तर ट्रायव्हेक्सला १.११. आम्ही ट्रायव्हेक्स घेतले. चष्मा इतका हलका झाला की तो नाकावर आहे की नाही, हे हाताने चाचपून पाहावे लागे. आणि चाचपणे हेच तर संकट! शिवाय तो पिसासारखा चष्मा खाली पाहिले की घसरे, बोलताना डुले, शिंक आली की नाचे. प्रत्येक नाचाबरोबर गालात वीज.

डॉक्टरांनी त्याचा उलगडा केला. या रोगात जोराचा दाब बहुधा झटका आणीत नाही. आणतो तो हलका स्पर्श, केस, वारा, पदराचे टोक. तेव्हा आम्हांस जो हवा होता तो हलका चष्मा नव्हता. स्थिर चष्मा हवा होता. पुन्हा त्याच चष्मेवाल्याकडे गेलो. तो भला माणूस. कपाळाला आठी न घालता त्याने तासभर खटपट केली. नाकावरच्या दोन टोकदार गाद्या काढून त्याने खोगिरासारखा सलग पूल असलेली चौकट निवडली, म्हणजे भार एका ठिपक्यावर न पडता पसरतो. काड्या कानामागे पूर्ण वळवून घट्ट बसणाऱ्या घेतल्या, म्हणजे धरून ठेवण्याचे काम मानेच्या तंतूंच्या मुलखात गेले. कानशिलापाशी काड्या किंचित बाहेर वाकविल्या. भिंगे मात्र लहान आणि ट्रायव्हेक्सचीच ठेवली. हा चष्मा आधीच्यापेक्षा जड आहे. पण तो हलत नाही.

लावण्या-काढण्याचेही एक शास्त्र आम्ही बसविले आहे. दोन्ही हातांनी, समोरून, एकदाच आणि ठामपणे. डाव्या कानापासून आरंभ. झटका येऊन गेल्यावर काही क्षण, कधी काही मिनिटे, तंतू थकून निजतो. त्या अवधीत कितीही स्पर्श केला तरी तो जागा होत नाही. या उधारीच्या वेळात आम्ही दाढी उरकतो, चष्मा पुसून लावतो, दोन घास खाऊन घेतो. वाईट दिवशी चष्मा अजिबात न लावता जुने भिंग हातात धरून वाचतो. चष्म्याचा जन्म सुमारे १२८६ साली इटलीत झाला. काड्यांचे चष्मे लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट यांनी विकावयास काढले ते १७३० च्या सुमारास. म्हणजे मधली साडेचारशे वर्षे विद्वान मंडळी चष्मा हातात धरूनच किंवा नाकाला चिमटा देऊनच वाचीत होती. आम्ही फक्त थोडे जुन्या काळात राहावयास गेलो आहोत, इतकेच.

औषध कार्बामाझेपिन. मूळचे ते अपस्माराचे. १९६२ साली या वेदनेवर त्याचा गुण प्रसिद्ध झाला. गुण आहे, पण दुपारी तीन वाजता टिपणीतली अक्षरे पेंगू लागतात. रक्तातील सोडियमही अधूनमधून तपासून घ्यावे लागते. औषध पुरेना झाल्यास शस्त्रक्रियेचा मार्ग आहे : अमेरिकेतील पीटर जॅनेटा यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केलेला. कानामागून शिरून रक्तवाहिनी आणि तंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवावयाचा. दोन भांडखोर शेजाऱ्यांमध्ये भिंत घालावी तसा हा सरळ उपाय. पण भिंत मेंदूजवळ घालावयाची आहे. आम्ही अद्याप होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

या काळात आमच्याविषयी गैरसमज पुष्कळ झाले. बोलल्याने कळ येते म्हणून आम्ही कमी बोलतो. कचेरीत बोलवा झाली की साहेबांच्या मर्जीतला म्हणून हा नाकावर माशी बसू देत नाही. ते अक्षरशः खरे आहे! माशी बसली तर आमचा दिवस संपला. घरमालकीणबाईंनी एकदा हळहळून विचारले, "कन्नडक हाकिदरे नोवागुत्ता?" चष्मा लावल्यावर दुखते का, असा प्रश्न. कानडीत चष्म्याला 'कन्नडक' म्हणतात. सोलापूरचे असल्याने आम्ही समजलो आणि उत्तर दिले की कन्नड हळूहळू जमते आहे, कन्नडकच जमत नाही. बाई हसल्या. आम्हीही हसलो असतो. पण गाल हलवावयाची सोय नव्हती.

या सर्वांत एक गोष्ट मात्र फार जड गेली. आमची चार वर्षांची कन्या कचेरीतून आल्याबरोबर चष्मा ओढून आमच्या गालावर हात फिरवी. माया माणसे नेहमी हलक्या हातानेच करतात, आणि नेमका तोच हात आम्हांस वर्ज्य झाला. पहिल्या खेपेस आम्ही कळवळून मागे सरलो, तेव्हा ती घाबरून आईच्या मागे लपली. तिला समजावयाचे कसे? सौभाग्यवतींनी उपाय काढला. "अहो, जोराने दुखत नाही ना? मग तिला घट्ट धरावयास शिकवू." आता आमची कन्या दाराशी येते, विचारते, "बाबा, आज कुठला गाल?" आणि आम्ही खाली बसताच आपला इवलासा तळहात आमच्या कपाळावर सर्व शक्तीनिशी दाबून धरते. त्या दाबात कळ नाही.

परमुलखात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. बदलीचे मोठे ओझे आपण उचलतोच : सामान, शाळा, भाषा, पाण्याचा नळ. ते पेलते. मग एखाद्या दिवशी सिल्क बोर्डाच्या चौकात गर्दीतून कोणी तरी सोलापुरी हेल काढून आपल्या पोराला हाक मारतो, आणि तेवढ्यानेच आत काहीतरी सर्रकन ओढले जाते. त्यावरही उपाय तोच असावा, असे आम्हांस वाटते : जे जवळ आहे ते घट्ट धरावे. शस्त्रक्रियेचा निर्णय पुढच्या तपासणीपर्यंत आहे. तोवर आमचा जड चष्मा नाकावर स्थिर आहे, आणि हा मजकूर आम्ही त्यातूनच लिहिला आहे.