पाण्याशी ओळख असलेलं शहर

मुलांनो, विमान जमिनीवर उतरतं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण ते समुद्राच्या पातळीखाली उतरतं असं कुणी सांगितलं तर? ‘बाई, काहीतरीच काय!’ असं म्हणाल ना? मग जरा नकाशा उघडा. युरोपात जर्मनीच्या डाव्या हाताला नेदरलँड्स नावाचा चिमुकला देश दिसेल. या नावाचा अर्थच मुळी ‘सखल भूमी’! त्याची राजधानी ॲमस्टरडॅम. तिथला विमानतळ समुद्रपातळीच्या सुमारे ११ फूट खाली आहे. पूर्वी तिथं चक्क एक मोठं सरोवर होतं. वाफेच्या पंपांनी तीन वर्षांहून अधिक काळ पाणी उपसून १८५२ मध्ये ते कोरडं केलं. जिथं एकेकाळी जहाजं फिरायची, तिथं आज विमानं उतरतात. आहे की नाही गंमत?

२०२२ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही या शहरात गेलो. माझी बहीण नोकरीनिमित्त तिथं राहते. मी, मुलांचे बाबा, सातवीतला थोरला आणि चौथीतली धाकटी असे आम्ही चौघे निघालो. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरातही चार फूट पाणी शिरलं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. बोटीतून बाहेर पडताना तिनं माझा पदर घट्ट धरून ठेवला होता. तेव्हापासून तिला पाण्याची धास्तीच बसली. जोराचा पाऊस आला की ती दहादा उठून उंबऱ्याबाहेर पाहायची. अशा मुलीला घेऊन आम्ही समुद्राच्या खाली असलेल्या गावी निघालो होतो!

पहिला दिवस रस्ता ओलांडायला शिकण्यात गेला. हसू नका बरं! आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं जातात, तिथं उजव्या बाजूनं. म्हणजे आधी डावीकडे पाहायचं, मग उजवीकडे. जन्मभराची मानेची सवय एका दिवसात कशी बदलणार? त्यातून आधी सायकलींची वाट, मग मोटारींची, मग ट्रामचे रूळ. सायकलींची वाट बहुतेक ठिकाणी तांबड्या रंगाची असते आणि तिच्यावर पायी चालणाऱ्यानं उभं राहायचं नाही. ऑफिसला निघालेले साहेब, पुढच्या पेटीत दोन मुलं बसवून निघालेली आई, पांढऱ्या केसांच्या आजीबाई, सगळे सायकलवर! कालव्यांच्या तळातून दरवर्षी हजारो बुडालेल्या सायकली यारीनं बाहेर काढतात. तिथले लोक थट्टेनं म्हणतात, ‘आमच्या कालव्यात एक मीटर चिखल, एक मीटर सायकली आणि एक मीटर पाणी!’

ट्राममध्ये चढताना कार्ड यंत्राला टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. हे काम धाकटीनं आपणहून अंगावर घेतलं. प्रत्येक वेळी ‘बाबा, उतरताना विसरू नका!’ असा हुकूम सुटायचा.

भाषेची गंमत तर विचारूच नका. डच भाषेत ‘जी’ हे अक्षर घशातून, आपल्या ‘ख’सारखं म्हणतात. कालव्याला म्हणतात ‘ग्राख्त’, पण ऐकू येतं ‘ख्राख्त’. प्रसिद्ध चित्रकार व्हॅन गॉग तिथं ‘फान खोख’ होतात! थोरला दिवसभर ‘खोख, खोख’ करत राहिला. शेवटी मावशीनं विचारलं, ‘अरे, खोकला झालाय का तुला?’

रात्रीचे साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड! मे महिन्यात तिथं सूर्य फार उशिरा मावळतो. आपल्या घड्याळापेक्षा तिथलं घड्याळ तेव्हा साडेतीन तास मागं असतं. मुलांचे डोळे मिटत होते आणि खिडकीत मात्र संध्याकाळ रेंगाळत होती.

दुसऱ्या दिवशी कालवे पाहायला निघालो. आम्सटेल नावाच्या नदीवर लोकांनी धरण, म्हणजे डॅम बांधला, त्यावरून गावाचं नाव पडलं ॲमस्टरडॅम. या नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १२७५ सालचा आहे. म्हणजे २०२५ मध्ये शहराला ७५० वर्षं झाली. सतराव्या शतकात गावाभोवती अर्धगोलात कालवे खणले, एकात एक ठेवलेल्या कमानींसारखे. २०१० मध्ये युनेस्कोनं या कालव्यांच्या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

कालव्याकाठची घरं अरुंद आणि उंच, एकमेकांना खेटून उभी. प्रत्येकाच्या माथ्यावर पुढं आलेला एक वासा आणि त्याला आकडा. तो कशासाठी? ओळखा पाहू! आतले जिने इतके अरुंद, की कपाट काही वर चढत नाही. मग आकड्याला दोर बांधून सामान खिडकीतून वर घ्यायचं. ते भिंतीवर आपटू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम थोडी पुढं झुकलेली बांधली आहेत.

धाकटी मात्र घरांकडे पाहतच नव्हती. ती भिंतीच्या कडेनं चालत होती आणि पाण्याकडे डोळा ठेवून होती. हळूच म्हणाली, ‘मावशी, रात्री हे पाणी वर आलं तर?’

मावशी हसली नाही. म्हणाली, ‘चांगला प्रश्न आहे. चल, उत्तर दाखवते.’

आधी तिनं आम्हांला डॅम चौकातला राजवाडा दाखवला. सतराव्या शतकात तो नगरभवन म्हणून बांधला. इथली जमीन वरून मऊ, चिखलाची. घट्ट वाळू लागते ती सुमारे चाळीस फूट खाली. म्हणून लाकडाचे लांब खांब ठोकून वाळूपर्यंत पोचवतात आणि त्यांवर घर उभं करतात. या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. आकडा पाठ करायची युक्ती सांगू? वर्षाचे दिवस ३६५. त्याच्या आधी १ आणि नंतर ९ लिहा. झालं!

थोरल्यानं लगेच विचारलं, ‘पण पाण्यात लाकूड कुजत नाही?’ उत्तर ऐकून आम्हीही चकित झालो. पूर्ण पाण्याखाली असलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, त्यामुळं बुरशीला ते कुजवता येत नाही. पाणी खाली गेलं आणि लाकूड उघडं पडलं, की मात्र कुजायला सुरुवात होते. म्हणून तिथले लोक पाण्याची पातळी फार जपतात. पाणी वर यायला नको, तसंच फार खाली जायलाही नको.

तिसऱ्या दिवशी मावशी आम्हांला नगरपालिकेच्या इमारतीत घेऊन गेली. तिथं पितळेचा एक गोल गोळा होता. ‘हे शून्य,’ मावशी म्हणाली. या शून्यापासून देशातली सगळी उंची आणि खोली मोजतात. त्याचं मूळही मोठं छान आहे. १६७५ मध्ये शहरात पूर आला. पुढं योहानेस हुडे नावाचे एक गणिती इथले महापौर होते. १६८३-८४ मध्ये समुद्राच्या भरतीच्या वर्षभर नोंदी घेतल्या गेल्या आणि पातळीच्या खुणेचे आठ दगड शहरात बसवले गेले. पुरानंतर त्यांनी मोजपट्टी हाती घेतली!

जवळच काचेचे उंच नळखांब होते. दोन खांबांत समुद्राचं पाणी त्या घटकेला किती उंच आहे ते दिसत होतं. तिसऱ्यातलं पाणी आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, सुमारे १५ फुटांवर स्थिर होतं. १ फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात पाणी तिथवर चढलं होतं. नेदरलँड्समध्ये त्या पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशानं समुद्राच्या तोंडाशी धरणं आणि प्रचंड दरवाजे बांधले. पुढं १९९५ मध्ये नद्या फुगल्या, तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. मग तीसहून अधिक ठिकाणी त्यांनी नद्यांना पसरायला जागा करून दिली. नुसते बांध उंच करून भागत नाही, नदीलाही तिची जागा लागते, हे त्यांनी ओळखलं.

धाकटी मान वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आई, म्हणजे हे लोकपण बुडले होते?’

‘हो.’

‘आणि तरी इथंच राहतात?’

‘हो. पण रोज मोजतात.’

ती पुढं काही बोलली नाही. परतताना मात्र भिंतीची कड सोडून माझा हात धरून कालव्याच्या बाजूनं चालली.

चौथ्या दिवशी मावशीच्या शेजारच्या मुलीबरोबर आम्ही पोहण्याच्या तलावावर गेलो. पाहतो तर काय, मुलं कपडे आणि बूट घालून पाण्यात उड्या मारताहेत! ती पोहण्याच्या परीक्षेची तयारी होती. माणूस कालव्यात पडतो तेव्हा पोहण्याचा पोशाख घालून थोडाच पडतो? म्हणून तिथल्या परीक्षेत कपड्यांसकट पोहून दाखवावं लागतं. धाकटी काठावर बसली. आधी पायाची बोटं पाण्यात बुडवली, मग घोटे, मग गुडघे. त्या दिवशी तेवढंच. पण सांगलीला आल्यावर तिनं आपणहून पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. घराच्या चौकटीवर चार फुटांवर एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘ऑगस्ट २०१९’. मी विचारलं, ‘ही कशाला गं?’ तर म्हणाली, ‘कळायला नको का, कुठवर आलं होतं ते?’

पुराच्या पाण्यात कधीच उतरायचं नाही, मग कितीही पोहता येवो, हे पक्कं लक्षात ठेवा. पोहायला शिकायचं ते शिकवणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच. पण आपल्या गावच्या पाण्याची ओळख मात्र जरूर करून घ्या. तुमच्या गावाला नदी, ओढा किंवा खाडी आहे ना? मग आजी-आजोबांना विचारा, सर्वांत मोठा पूर कोणत्या साली आला? पाणी कोणत्या पायरीला, कोणत्या देवळाला लागलं? पुलावर फुटांचे आकडे आहेत का? हे सारं एका वहीत लिहा, शेजारी गावाचा छोटासा नकाशा काढा आणि वर्गात बाईंना दाखवा. आमच्या वर्गानं अशी वही सुरू केली आहे. तुमची कधी सुरू करताय?