डीजी सुरू झाला, वीज आली नाही

मे महिन्यातली रात्र. अकरा वाजून गेले होते. पुण्याजवळच्या एका रुग्णालयातल्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला. "मॅडम, लाइट गेलीय. डीजी चालू झालाय, पण वीज येत नाही." त्याच्या बोलण्यामागे इंजिनाचा आवाज येत होता, १५०० फेऱ्यांवर स्थिरावलेला, एकसारखा. डिझेल जनरेटरच्या चाचण्या घेण्यातच माझी पंचवीस वर्षं गेली होती. आवाजावरून यंत्राची तब्येत कळते. यंत्र ठणठणीत होतं आणि इमारत अंधारात होती.

"मेनचा ब्रेकर ऑफ आहे ना, ते आधी बघ. आता डीजीच्या ब्रेकरचं हँडल ओढ, स्प्रिंग भरेपर्यंत. भरली? मग बटण हाताने दाब." फोनमधून खाडकन आवाज आला, इंजिन क्षणभर दबलं, मग लोड उचलून पुन्हा सावरलं. कुणाला इजा झाली नाही, कारण व्हेंटिलेटरना त्यांच्या स्वतःच्या बॅटऱ्या होत्या.

सकाळी जाऊन लॉगबुक पाहिलं. दर सोमवारी अकरा वाजता दहा मिनिटं डीजी चालवलेला. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, व्होल्टेज, आणि शेवटच्या रकान्यात निळ्या शाईत 'ओके'. चार वर्षांत एक सोमवार चुकलेला नव्हता. दोष सापडला तो पॅनेलमध्ये. डीजीचा ब्रेकर आपोआप जोडणाऱ्या कॉइलला वीज मिळत होती ती बाहेरून येणाऱ्या लाइनवरून. पॅनेलमध्ये कधीतरी बदल करताना तार तिकडे जोडली गेली होती. वर्षातून एकदा ब्रेकरही तपासला जायचा, पण बाहेरची वीज चालू असताना. त्यामुळे चाचणीत तो दर वेळी जोडला जायचा. ज्या एका प्रसंगासाठी तो बसवला होता, त्या प्रसंगी मात्र तो जोडला जाणं शक्यच नव्हतं.

हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगितला, कारण नेमकं हेच एका अणुवीज केंद्रात घडलेलं आहे.

२५ जुलै २००६. स्वीडनमधलं फोर्समार्क केंद्र, पहिली अणुभट्टी. केंद्राबाहेरच्या ४०० किलोव्होल्टच्या स्विचयार्डात देखभालीचं काम चालू असताना शॉर्टसर्किट झालं. व्होल्टेज आधी कोसळलं आणि अणुभट्टीचा जनित्रसंच ग्रिडपासून तुटताच उसळून वर गेलं. ही उसळी केंद्राच्या आतल्या विजेच्या जाळ्यात शिरली. तिथे बॅटरीवर चालणारे चार यूपीएस होते, चारही एकाच बनावटीचे. त्यांतले दोन त्या उसळीने बंद पडले. चारही डिझेल जनरेटर सुरू झाले, पण दोघांची वीज पुढे जाईना. जनरेटर पुरेशा वेगाने फिरतो आहे हे ब्रेकरला सांगणाऱ्या यंत्रणेला वीज मिळत होती ती त्या बंद पडलेल्या यूपीएसकडून. नियंत्रण कक्षातले काही पडदे आणि दर्शकही गेले. सुमारे २२ मिनिटांनी तिथल्या माणसांनी हाताने वीजपुरवठा जोडला. उरलेल्या दोन यूपीएस आणि डिझेलांच्या शाखा चालू राहिल्या म्हणून अणुभट्टी थंड होत राहिली. ज्या उसळीने दोन यूपीएस पाडले तिने चारही पाडले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या देशाने स्वतःला विचारला. घटनेची नोंद अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दुसऱ्या पातळीची झाली.

अणुभट्टी बंद करणं म्हणजे चूल विझवणं नव्हे. लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तशी किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता निघतच राहते. ३,००० मेगावॉट उष्णता देणारी भट्टी बंद केल्या क्षणी तिच्यात जवळपास २०० मेगावॉट उष्णता असते, तासाभराने चाळीसेक आणि दुसऱ्या दिवशी पंधरा. ती काढून नेणाऱ्या पंपांना वीज लागते. आपल्याकडच्या अणुवीज केंद्रांत विजेचे चार वर्ग मानतात. ग्रिडची वीज म्हणजे क्लास फोर, डिझेलची क्लास थ्री, यूपीएसची क्लास टू आणि बॅटरीची क्लास वन. ग्रिड गेली की बॅटरीने तग धरायचा आणि तेवढ्यात डिझेलने भार उचलायचा. बहुतेक ठिकाणी डिझेलला दहाएक सेकंद मिळतात. हजारो अश्वशक्तीचं इंजिन दाबलेल्या हवेच्या एका फुत्कारासरशी फिरवून दहा सेकंदांत पूर्ण वेगाला आणणं ही काय चीज आहे, हे टेस्ट बेडशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या धक्क्याला जमीन हलते, काळा धूर येतो आणि आवाज एका दमात वर चढतो. आमचे फोरमन त्या वेळी कुणालाही बोलू देत नसत.

या यंत्रांची चाचणी होत नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीत प्रत्येक डिझेल महिन्यातून एकदा किमान तासभर जवळजवळ पूर्ण भारावर चालवतात. दीड-दोन वर्षांनी इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद असते तेव्हा २४ तासांची चाचणी होते आणि ग्रिड गेल्याची नक्कल करून सगळी साखळी तपासतात. कागदावर हे भक्कम आहे. माझी तक्रार चाचणी कशी घेतात याबद्दल आहे.

महिन्याच्या चाचणीत इंजिन गरम ठेवलेलं असतं, तेल आधीच फिरवलेलं असतं, माणसं ठरलेल्या वेळी हजर असतात. याला मी फसवणूक म्हणत नाही. थंड इंजिन पुन्हा पुन्हा दहा सेकंदांत पळवलं की ते झिजतं. अमेरिकी नियामकांनीच १९८४ मध्ये हे मान्य केलं आणि अशा चाचण्या कमी करायला सांगितलं. खरी अडचण पुढे आहे. तासभराच्या त्या चाचणीत जनरेटर ग्रिडला जोडून, हळूहळू भार वाढवत चालवतात. ग्रिडला जोडलेल्या यंत्राची वारंवारता ग्रिडच सांभाळते, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरला फारसं काम उरत नाही. पोहायला शिकणाऱ्या मुलाचा हात धरून त्याला पाण्यात फिरवावं, तसं ते आहे. प्रत्यक्ष संकटात हात धरणारं कुणी नसतं. एकट्या यंत्रावर एकामागून एक मोठे पंप चढतात, प्रत्येक पंप सुरू होताना व्होल्टेज खचतं, वेग खचतो, आणि दर वेळी काही सेकंदांत सावरावं लागतं. इंजिन लोड उचलतं का, हे तिथे कळतं.

आणि दीड-दोन वर्षांनी होणाऱ्या मोठ्या चाचणीतही वीज जाते ती नीटनेटकी जाते. ब्रेकर उघडला, व्होल्टेज शून्य झालं, अंधार. खरी ग्रिड अशी शहाण्यासारखी जात नाही. ती उसळते, लटपटते, अर्धी जाते. ३० जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बायरन केंद्राच्या स्विचयार्डात एक इन्सुलेटर तुटला आणि दुसऱ्या अणुभट्टीला येणाऱ्या तीन फेजपैकी एक फेज गेली. दोन शाबूत होत्या. वीज गेली आहे की नाही हे ठरवणाऱ्या रिलेंना ती गेल्यासारखी वाटलीच नाही, म्हणून त्यांनी डिझेलला हाकच मारली नाही. एका फेजच्या अभावी मोटारी तापून एकेक करत ट्रिप होत राहिल्या आणि डिझेल बाजूला गप्प उभे. सुमारे आठ मिनिटांनी नियंत्रण कक्षातल्या माणसांनी काय चाललंय ते ओळखलं आणि बाहेरचा पुरवठा हाताने तोडला. तोडल्याबरोबर डिझेल सुरू झाले. चाचण्यांच्या नोंदीत ते डिझेल आधीही निर्दोष होते आणि त्या दिवशीही ते निर्दोषच होते.

या त्रुटीकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, असं वाटून २०१६ मध्ये त्याच देशाच्या अणुनियामक संस्थेतल्या सात विद्युत अभियंत्यांनी सामान्य नागरिक म्हणून आपल्याच संस्थेकडे याचिका केली. स्वतःच्या कार्यालयाच्या दारात नागरिक म्हणून उभं राहायला किती धीर लागतो, हे चाचणी विभागात काम केलेला माणूस जाणतो. चाचणी अधिकाऱ्याच्या 'नापास'ने कुणाचा तरी महिन्याचा माल अडतो. माझ्याही टेबलावर "ताई, एवढं काय त्यात" म्हणत कागद पुढे सरकवले गेलेले आहेत.

चाचणी खरोखर कठोर असली की काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं आहे. शोअरहॅम केंद्र सुरू होण्याआधी त्याच्या तीन डिझेलांना पूर्ण क्षमतेवर चालवत होते. १२ ऑगस्ट १९८३ रोजी एकाचा क्रँकशाफ्ट तुटला. बाकीचे दोन उघडले तर त्यांच्याही क्रँकशाफ्टना तडे. क्रँकशाफ्ट हा इंजिनाचा कणा. तो तुटतो तेव्हा इंजिन संपलेलं असतं. हे झालं चाचणीत, भट्टीत उष्णता साठण्याच्या आधी. त्याच बनावटीची इंजिनं घेतलेल्या इतर केंद्रांनाही मग आपापली यंत्रं उघडून पाहावी लागली. माझ्या लेखी ती चाचणी पूर्ण यशस्वी होती. उलट, २३ ऑगस्ट २०११ च्या भूकंपात व्हर्जिनियातल्या नॉर्थ ॲना केंद्राची बाहेरची वीज गेली, चारही डिझेल सुरू झाले आणि त्यांतला एक तासाभराच्या आत शीतक गळून बंद पडला. आधीच्या देखभालीत एक गॅस्केट चुकीचं बसवलं गेलं होतं. मधल्या काळात तो डिझेल चाचण्यांमधून पुढे सरकतच राहिला होता.

आपल्याकडची गोष्ट नरोऱ्याची. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलमध्ये शिरली. मुख्य वीज आणि पर्यायी वीज, दोन्हींच्या केबल एकाच वाटेने गेलेल्या. दोन्ही जळाल्या. केंद्र १७ तास विजेवाचून होतं. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. तिथल्या माणसांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून हाताने झडपा उघडल्या आणि बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी चढवलं. त्या पंपांना विजेची गरज नव्हती, इंजिनाने थेट पंप फिरत होता. मराठी वाचकाने ही घटना माहीत करून घ्यावी, कारण देशातलं सर्वांत जुनं, १९६९ मध्ये सुरू झालेलं अणुवीज केंद्र आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरला आहे.

फुकुशिमाबद्दल सगळे त्सुनामीच्या उंचीचं बोलतात. मला तिथलं वेगळं काही दिसतं. ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर तिथले डिझेल सुरू झाले होते, त्यांनी लोड घेतला होता. पाणी आल्यावर बहुतेक बुडाले. पण हवेने थंड होणारे दोन डिझेल पाण्यातूनही शाबूत राहिले आणि तरी निरुपयोगी ठरले, कारण त्यांची वीज पुढे नेणारे पॅनेल बुडाले होते. तसाच आणखी एक, सहाव्या भट्टीचा, चालू राहिला. त्या एकट्याने पाचवी आणि सहावी, दोन्ही भट्ट्या वाचवल्या.

त्या रुग्णालयाच्या लॉगबुकातलं 'ओके' खोटं नव्हतं. ते इंजिनाबद्दल होतं. आपण इंजिन तपासतो, कारण ते मोठं आहे, आवाज करतं, तपासल्याचं समाधान देतं. पण अंधार होतो तो एका कॉइलमुळे, एका रिलेमुळे, पन्नास रुपयांच्या गॅस्केटमुळे. म्हणून माझा आग्रह आहे की भट्टी बंद असतानाच्या मोठ्या चाचणीत ग्रिड दर वेळी वेगळ्या तऱ्हेने बिघडवावी. कधी एक फेज काढावी, कधी व्होल्टेज चढवून पाडावं. भट्टीत इंधन असताना नियंत्रण कक्षाची वीज अशी खेळवणं धोक्याचं वाटत असेल तर रिले आणि यूपीएस यांच्यावर बाहेरून तशी विद्युत-लहर टाकून पाहावी. तशी उपकरणं आहेत. प्रत्येक ब्रेकरची नियंत्रण-वीज कुठून येते, हे नकाशावर न बघता तार धरून शोधावं. आणि डिझेल इतका वेळ चालवावा की त्याची रोजची टाकी रिकामी होऊन मोठ्या टाकीतून तेल ओढणाऱ्या पंपालाही काम पडेल. चाचणीतही सावधगिरी हवीच. चेर्नोबिलमध्ये १९८६ च्या एप्रिलमध्ये चालली होती ती चाचणी डिझेल सुरू होईपर्यंतची पोकळी भरून काढण्याचीच होती.

तारापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना आणि जैतापूरच्या अणुवीज प्रस्तावाची चर्चा ऐकणाऱ्यांना एक विनंती. कधी जाहीर सुनावणीला बसलात तर डिझेल किती आहेत हे विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी चांगलंच येतं. विचारा, बाहेरची वीज खरोखर तोडून शेवटची चाचणी कधी घेतली, डिझेल सलग किती तास चालवले, आणि त्या चाचणीत काय काय बंद पडलं. काहीच बंद पडलं नाही असं उत्तर मिळालं, तर चाचणीची पद्धत लेखी मागा.