४६ एन

बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सर्वेक्षण खात्याचा एक जुना नकाशा असायचा. पान ४६ एन, एक इंचाला चार मैल, पाठीला कापड. वर उजवीकडे इंदूर, तळाशी नर्मदा आणि मधे महूच्या दक्षिणेला तपकिरी समोच्चरेषा इतक्या दाटलेल्या, की लहानपणी मला तिथे कागद मळलाय असंच वाटे. तो विंध्याचा कडा. बाबा त्यावर बोट ठेवून सांगत, इथला पाऊस उत्तरेला वळला तर चंबळेतून यमुनेला, गंगेला, थेट बंगालच्या उपसागराला. दक्षिणेला घरंगळला तर चोरलमधून नर्मदेला आणि अरबी समुद्राला. त्या दोन बोटं रुंद पट्ट्यानं शिकवला तेवढा भूगोल मला कुठल्याच पुस्तकानं शिकवला नाही.

छपाई यशवंतसागरच्या आधीची. १९३९ सालच्या त्या तलावाच्या जागी गंभीर नदीची नुसती रेघ आहे. पुढे शहर वाढलं, तलाव अपुरा पडू लागला. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर उतरलं, त्यात बाबाही होते. १९७८मध्ये जलूदहून पाणी आलं, तेव्हा त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि जलूद ते इंदूर अशी शिसपेन्सिलीची रेघ ओढली. तपकिरी दाटीत शिरल्यावर पेन्सिल अगदी सावकाश चालवली. "सत्तर किलोमीटर लांबून, पंपांनी टप्प्याटप्प्यानं घाट चढवून आणलेलं पाणी आहे," म्हणाले, "हात धुताना आठवत जा."

नोकरीच्या काळात एका ग्रंथालयात मी अलास्काच्या हिमनद्यांच्या किनाऱ्याचे जुने नकाशे पाहिले. बर्फावरच्या समोच्चरेषा तिथे निळ्या छापतात. १७९४ साली व्हँकुव्हरच्या माणसांना ग्लेशियर बेच्या तोंडाशीच बर्फ आडवा आला. १८७९मध्ये जॉन म्यूर पोहोचला तोवर तो मैलोगणती मागे सरला होता. तिथे बर्फ सरकला म्हणून नकाशे जुने झाले. आमचा कडा तसूभर हललेला नाही. उतारानं जाणारं पाणी आम्हीच उलटं वर आणलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि धास्तीही. त्या पाण्यानं कुणी अंगणात गाडी धुताना दिसलं की जीव कळवळतो.

२०१४मध्ये नर्मदेचं पाणी क्षिप्रेतही सोडलं. बाबा असते तर पेन्सिल घेऊन बसले असते. पण ते पाणी येतं ओंकारेश्वरच्या बाजूनं, आणि ओंकारेश्वर आमच्या पानाबाहेर, शेजारच्या ५५ बीवर पडतं. तेवढंच जुनं ते पान मी शोधते आहे.