शेणकिड्याची साक्ष

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. २००८ साली आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा मिशन केंद्रात सेवा करीत होतो. त्या वर्षी सणाच्या मिस्सानंतर गावातील सारी गुरे चर्चच्या पटांगणात आणावयाची, त्यांना आशीर्वाद द्यावयाचा आणि त्याच वेळी जंतांचे व गोचिडांचे औषधही टोचून घ्यावयाचे, असे आम्ही ठरविले. आम्ही पवित्र पाणी शिंपडीत पुढे चाललो होतो आणि पशुवैद्य सुई घेऊन आमच्या मागून येत होते. ही कल्पना आमचीच होती आणि तिचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत होता.

गुरांची अवस्था खरोखरच केविलवाणी होती. कानांत, मानेखाली, आचळांच्या कडेला गोचिडांचे घोस लटकलेले. वासरांची पोटे नगाऱ्यासारखी आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. औषधाचा गुण महिन्याभरात दिसला. वासरे अंगाने भरली, गाईंची कातडी तुकतुकीत झाली. एका मात्रेने इतका गुण, तर अधिक मात्रांनी किती, असा सरळ हिशेब करून आम्ही भर पावसाळ्यात आणि पुन्हा दसऱ्यानंतर साऱ्या गुरांना औषध देवविले. इतक्या वेळा गरज नाही, असे पशुवैद्यांनी एकदा सुचविले होते. आम्ही ते मनावर घेतले नाही. पुढील दोन वर्षे हाच क्रम चालला.

तिसऱ्या पावसाळ्यात गावचे एक वृद्ध गुराखी मिशन घराच्या पायरीवर येऊन बसले. सारा गाव त्यांना 'बाबा' म्हणे. आम्हीही तेच म्हणत असू.

"फादर, गुरांना औशद दिलंत, बरं झालं. पन शेणाला कायतरी झालंय," ते म्हणाले. "माळावर तसंच पडून ऱ्हातंय. आधी पैल्या पावसानंतर दोन दिसांत त्याचा भुसा व्हायचा. आता त्यात किडाच नाय."

"बाबा, किडे गेले हे चांगलेच झाले की," आम्ही हसून म्हणालो.

"चांगलं कसं? मग शेण खाली कोन नेनार?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. अडाणी माणसाचा प्रश्न म्हणून आम्ही तो सोडून दिला. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविद्या शिकलो. शेण खाली कोण नेतो, हे मात्र आम्हांस कोणी शिकविले नव्हते.

पुढे आमची बदली झाली. २०१५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा वर्तमानपत्रात औषधाचे नाव वाचून आम्ही थबकलो. आयव्हरमेक्टिन! आमच्या पटांगणात टोचले गेले ते हेच. जपानचे सातोशी ओमुरा यांना मातीच्या एका नमुन्यात जो सूक्ष्मजीव सापडला, त्यापासून विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध सिद्ध केले. १९८१ पासून ते गुरांसाठी वापरात आले आणि १९८७ पासून उत्पादक कंपनीने ते आफ्रिकेतील 'नदी-अंधत्व' या रोगासाठी विनामूल्य पुरविले. लक्षावधी गरिबांची दृष्टी त्याने राखली. अशा औषधास दूषण देणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु त्याविषयी अधिक वाचू लागलो, तेव्हा बाबांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. हे औषध जंतांच्या व कीटकांच्या नसा आणि स्नायू लुळे पाडते. गुराच्या शरीरात त्याचे काम झाले की त्याचा बहुतांश भाग फारसा न बदलता शेणावाटे बाहेर पडतो. आतील जंतास मारणारे औषध अशा रीतीने बाहेरच्या किड्याच्या पानात वाढले जाते आणि पुढे काही आठवडे ते शेण किड्यांच्या अळ्यांस घातक राहते. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या वॉल आणि स्ट्राँग या संशोधकांनी १९८७ साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडले होते. पोटात सतत औषध झिरपत राहील अशी योजना केलेल्या वासरांचे शेण कुरणात कितीतरी दिवस तसेच पडून राहिले, तर औषध न दिलेल्या वासरांचे शेण विघटित होऊन गेले. पुढे स्पेनमधील अभ्यासात असेही दिसले की, मरणाइतकी मात्रा नसली तरी किड्याची गंध ओळखण्याची व चालण्याची शक्ती क्षीण होते. ज्याला अन्नाचा वास येत नाही आणि पाय उचलत नाहीत, तो जिवंत असून नसल्यासारखाच.

आता हा किडा करतो तरी काय? काही जातींचे किडे शेणाचा गोळा करून दूर लोटीत नेतात, काही पोवट्याखालीच बीळ खणून शेण खाली ओढतात, तर काही शेणातच संसार थाटतात. खणणाऱ्या माद्या जमिनीखाली शेणाच्या एकेका गोळ्यात एकेक अंडे घालतात. तो गोळा हीच पिल्लाची शिदोरी. काही जातींत आई आपल्या पिल्लांजवळ राखण करीत बसते. अशा मादीची अंडी मोजकीच असतात, म्हणून एकदा उणे झालेले हे कूळ लवकर भरून येत नाही. या साऱ्या खटाटोपात शेणातील नत्र हवेत उडून न जाता मातीत उतरते, जमीन भुसभुशीत होते, पाणी मुरते आणि माश्यांना अंडी घालावयास जागा उरत नाही. सर्वांत मर्माची गोष्ट पुढेच आहे. शेण लवकर मोडले, वाळले की त्यातील जंतांची पिल्लेही फारशी गवतावर पोहोचत नाहीत. म्हणजे हा किडा जंतांविरुद्ध आमच्याच बाजूने लढत होता, आणि आम्ही जंत मारता मारता आमच्याच सैनिकावर घाव घातला!

किडा नसला म्हणजे काय होते, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. १७८८ पासून तेथे परदेशी गुरे आली. तेथील मूळचे किडे कांगारूंच्या सुक्या लेंड्यांना सरावलेले. गाईचे ओले शेण त्यांना झेपेना. कुरणे शेणाने झाकली गेली, माश्यांनी माणसांना नकोसे केले. १९५१ साली तेथे गेलेले हंगेरियन कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बॉर्नेमिसा यांनी हे हेरले आणि पुढे त्यांच्या पुढाकाराने परदेशांतून शेणकिडे आणून सोडण्याचा मोठा प्रकल्प झाला. एका राष्ट्राला किडे आयात करावे लागले. आपल्याला ते परमेश्वराने फुकट दिले आहेत.

आमच्या माळावर कोणी मोजमाप केले नव्हते. तेव्हा तेथील किडे केवळ आमच्या औषधानेच गेले, असे आम्हांस शपथेवर सांगता येणार नाही. तरीही मनातील टोचणी जात नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने आपल्या देशातील गिधाडे कशी संपत आली, हे २००४ साली उघड झाले आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्यानंतरही आम्ही ठेच लागून शहाणे झालो नव्हतो.

संत अंब्रोज यांनी लूकच्या शुभवर्तमानावरील आपल्या भाष्यात क्रुसावरील ख्रिस्ताला चक्क किड्याची, भुंगेऱ्याची उपमा दिली आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात भिंतीतील दगड ओरडतो आणि तुळई त्याला उत्तर देते. प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र लाकडातून भुंगेरा बोलतो. हाच दुवा धरून त्या थोर बिशपांना क्रुसाच्या लाकडावरून क्षमेचे शब्द बोलणारा प्रभू आठवला. सेमिनरीत हा उल्लेख ऐकून आम्हांस किळस आली होती. आज वाटते, सर्वांनी टाकलेल्या घाणीतून जीवन घडविणाऱ्याला याहून साजेशी उपमा कोणती मिळणार? पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात, डोळ्यांत भरणाऱ्या पशुपक्ष्यांबरोबर कृमिकीटकांचीही सृष्टीला गरज असल्याचे बजावले आहे.

वाचकहो, औषध टाकून द्या असे आमचे सांगणे नाही. आजारी गुराला उपचार मिळालाच पाहिजे. शेणाची तपासणी करून ज्याला जंत आहेत त्यालाच औषध द्यावे, साऱ्या कळपाला एकदम देऊ नये. पहिल्या पावसात किडे जमिनीतून बाहेर येतात, ते दिवस शक्यतो टाळावेत. औषध दिलेले गुरू काही दिवस गोठ्यात बांधावे. फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल यांसारखी औषधे केवळ पोटातील जंतांवर चालतात. किड्यांना त्यांचा उपद्रव फारसा आढळलेला नाही. गोचिडांसाठी अंगावर लावावयाची डेल्टामेथ्रिनसारखी औषधे मात्र शेणकिड्यांनाही मारक आहेत. कोणते, केव्हा आणि किती, हे पशुवैद्यांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर आमच्यासारखे न करता ऐकावे. नारळीचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा खताच्या खड्ड्यात वाढतो, त्याचा बंदोबस्त जरूर करावा. परंतु शिंग दिसले म्हणून माळावरच्या शेणकिड्याला त्याचा भाऊ समजून चिरडू नये.

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्या गावी जाऊन आलो. बाबा थकले आहेत, पण नजर शाबूत आहे. आम्ही त्यांची क्षमा मागितली आणि सांगितले की, जे तुम्ही पाहिले होते ते विलायतेच्या पंडितांनी १९८७ सालीच सिद्ध केले होते.

बाबांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले. "मंग फादर, तुमाला येवढा येळ कशापायी लागला?"

याही प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. या खेपेस मात्र आम्ही हसलो नाही. बाबांनी काठीने एक पोवटा उलटला. खालच्या ओल्या मातीत ताजी बिळे दिसत होती. आम्ही दोघेही बराच वेळ तेथे वाकून पाहत उभे राहिलो.