नावाला चिकटलेली गुलामी

ट्युनिशिया हा उत्तर आफ्रिकेतील लहानसा देश. त्याच्या आग्नेय किनाऱ्यालगत जेर्बा नावाचे बेट आहे. तेथे विमानतळ आहे, समुद्रकाठी मोठमोठी हॉटेले आहेत, युरोपातून प्रवासी येतात. पाहणारा म्हणेल, विकास झाला. कायदेही पुढारलेले. १९५६ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला बहुपत्नीत्व बंद करणारा कायदा जाहीर झाला. आपल्याकडे हिंदू कोड बिल अडले, तेव्हा १९५१ साली डॉ. बाबासाहेबांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला होता.

तरीही याच बेटावरील काही काळ्या कुटुंबांच्या जन्मदाखल्यावर ‘अतीग’ हा शब्द राहिला. अर्थ, अमक्याने मुक्त केलेला. गुलामी १८४६ साली बंद झाली. दाखला मात्र तसाच. २०१८ साली वंशभेदाविरुद्ध कायदा झाला आणि २०२० साली ८१ वर्षांच्या एका वृद्धाने न्यायालयाकडून तो शब्द काढून घेतला.

मी कारकून आहे. कागदावरचा एक शब्द माणसाची मान कशी खाली घालायला लावतो, हे रोज पाहतो. हॉटेले मोजून विकास कळत नाही. आपले नाव ताठ मानेने सांगता आले, तरच तो आपल्या दारी पोचला म्हणायचा.