‘दिवस’ आणि ‘दिवसा’

इंग्रजीतला ‘डे’ हा शब्द शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. तरी त्याचे निदान दोन अर्थ आहेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा उजेड हा एक, आणि रात्रीसकट पुरे २४ तास हा दुसरा. आपला ‘दिवस’ही तसाच दुहेरी आहे. मात्र दोघे सारखे दिसतात म्हणून त्यांना सख्खे समजू नये. भाषाशास्त्रज्ञ ‘दिवस’चे नाते लॅटिनमधल्या ‘दिएस’शी जोडतात, ‘डे’शी नाही.

आमच्या आर्णीकडे हा भेद शब्दकोशावाचून कळतो. निंदणाला जाणाऱ्या बाईचा दिवस उजेडापुरताच. त्याला आणि त्याच्या मजुरीला आम्ही ‘रोज’ म्हणतो. ‘रोज’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ दिवसच. पण ‘रोज बुडाला’ म्हणजे इथे सूर्य बुडत नाही, चूल अडते.

ओलीत करणाऱ्याचा दिवस आणखी निराळा. शेतातल्या मोटारीला वीज पाळीपाळीने मिळते. बाबा बाहेरून येऊन सांगतात, “या हप्त्यात तीन दिवस रात्री लाइन आहे.” व्याकरणाच्या तासाला हे वाक्य विचित्र वाटेल; आमच्या घरात ते कोणालाच खटकत नाही. कारण त्यातला दिवस २४ तासांचा आहे. कागदावर विजेचे तास पुरे भरतात. पण हातात बॅटरी अन् काठी घेऊन गव्हात शिरणाऱ्या माणसाला थंडी असते, चिखल असतो, आणि पायाखाली दांड आहे की साप हे दिसत नाही. ते परत येईपर्यंत आई झोपत नाही. माझ्यासमोर पुस्तक उघडे असते, पण कान वाटेकडे असतात.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी नुसती वीज मागितली नाही, ‘दिवसा’ वीज मागितली. ‘दिवस’ला एक काना लागला की अर्थ उजेडावर येऊन थांबतो. २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. उन्हापासून वीज करायची आणि ती उन्हातच शेतीला द्यायची, हे तिचे सूत्र. आमच्या शिवारातली रात्रीची पाळी मात्र अजून चुकलेली नाही.

आमच्या नदीचे नाव अरुणावती. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी. तिच्या काठच्या माणसाने पिकाला पाणी अंधारात द्यावे, हे त्या नावालाही शोभत नाही. शब्दाला दोन अर्थ असले तर भाषा श्रीमंत होते. वेळापत्रकात मात्र एकच अर्थ असावा, आणि त्यावर तो काना असावा.